वहीतल्या खुणा

पथारीवर मिरची पसरली की
आमच्या दुकानातले दम्याचे पंप संपतात.
हे मला कुणी शिकवलं नाही,
गल्ल्यामागच्या निळ्या वहीनं शिकवलं.

सुरतेहून आलेला मुलगाही तेच सांगत होता,
टॅबलेटवर बोट फिरवत:
"मॅडम, जानेवारीत बघा, कसा उभा चढतो आलेख.
तीन वर्षांची बिलं द्या आम्हाला.
नाव, मोबाईल, कुठली गोळी, किती दिवसांनी.
चार टक्के सूट जास्त. वर एक फ्रीज."
फ्रीज मला हवाच आहे.
इन्सुलिन सध्या घरच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी असतं.

त्याला ती चढण आवडली होती.
मला त्या चढणीवर बाया दिसत होत्या,
नाकाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या,
धडगावकडून, अक्कलकुव्याकडून आलेल्या,
संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून
एक पंप दोघींत चालेल का विचारणाऱ्या.

वही आप्पांची.
सुरुवातीच्या पानांवर पुरती नावं आहेत.
गाव, आजार, उधारी.
मग एका पानापासून नावंच नाहीत.
त्या वर्षी आमच्या दुकानातल्या पोऱ्यानं
पानटपरीवर सहज म्हटलं होतं,
धुडकू मिस्तरीच्या मंगलाला सहा महिन्यांच्या गोळ्या चालू आहेत.
साखरपुडा झालेला. नारळ परत आला.
मंगला बरी झाली. शहाद्याला असते, एकटी.
नंदुरबारला आली तरी आमच्या दुकानावरून जात नाही.
आप्पा कुणाला काही बोलले नाहीत,
फक्त दुसऱ्या दिवसापासून खुणा काढू लागले:
कंदील, विळा, उलटी चूल.
कुठली खूण कुणाची, ते त्यांना ठाऊक,
आणि शेवटच्या आजारपणात, एका दुपारी, मला.

दोन टिंबं म्हणजे सुपडाबाई.
गेल्या शिमग्याला वही चाळताना लक्षात आलं,
दोन टिंबं दीड महिना कुठेच नाहीत.
पंप महिन्याला संपतो. दमा संपत नाही.
दुकान तसंच उघडं टाकून
पथारीमागच्या झोपड्यांत गेले.
खाटेवर बसून होती, ओठ जांभळे.
रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर.
सिव्हिलपर्यंत मी तिचा श्वास मोजत गेले,
चुकले, परत पहिल्यापासून मोजला.
हे कुठे भरायचं?
त्या मुलाच्या पडद्यावर तसा रकाना नव्हता.

चहा पाजून त्याला परत पाठवला.
आलेख मात्र डोक्यात राहिला.
तो मी चौकटीच्या कागदावर हातानं काढला,
नावांशिवाय,
आणि पथारीवाल्या शेठकडे नेला.
मास्क द्या, म्हटलं, बायांना वाऱ्याला पाठ करून बसवा.
शेठनं चष्मा लावून कागद दोनदा पाहिला.
"कोण खोकतंय ते सांगा ना ताई.
नावच नाही, तर खोकला कोणाचा?"
नाव सांगितलं असतं
तर दुसऱ्या दिवशी तिला टोपली मिळाली नसती.

तिच्यापर्यंत हे कसं पोचलं कुणास ठाऊक.
काल आली. पंप घेतला, नाणी मोजली,
आणि गेली नाही.
"ती वही काढ. मी कोठे शे तिनामा?"
मी दोन टिंबं दाखवली.
सुपडाबाई हसली, हसता हसता खोकली,
काउंटर धरून उभी राहिली.
"इतलीच का मी?
मनं नाव लिख. मोठं लिख.
आनि दखाड त्या शेठले.
मी खोकस, मी. आखो पंधरा जनी शेतस."

मी पेन उघडलं. सुपडाबाई, लिहिलं.
पुढे काय, विचारलं.
नवऱ्याचं नाव? आडनाव कसं लिहितेस?
ती विचारात पडली.
"आधार कारड घर शे," म्हणाली,
आणि ते आणायला निघाली,
रस्ता ओलांडताना मध्येच थांबून
नवा पंप झटकत.

दोन टिंबं मी अजून खोडलेली नाहीत.